घारकाकूचा उजवा डोळा

"पुसा म्हणते ना! आणखी एकदा पुसा. भिंगावर नुसती साय धरलीये. दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं दिसतंय मला सगळं."

"काकू, आत्ताच तर पुसलं. आता पुन्हा पुसलं तर काच झिजेल."

"झिजू दे. पगार कशाचा घेता? फडकं हातात धरून मिरवायचा?"

मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा मिस्त्री मुळात गरीब स्वभावाचा. यंत्राशी बोलायला सांगितलं तर दिवसभर बोलेल, पण माणसासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यात समोर घारकाकू. या लॅबमध्ये एरवी वर्षाकाठी एखादी खेप व्हायची, पण गेल्या महिन्यापासून काकूनं त्याला असा पळवला होता की वॉचमननं आता त्याला नाव विचारायचंही सोडलं होतं.

त्यानं फडकं ठेवलं आणि स्वतः यंत्राला डोळे लावले. खाली काचेच्या बशीत माशांची पिल्लं पडली होती, गुंगीच्या थेंबानं निपचित. पापणीच्या केसाएवढा एकेक जीव. अंगात रंग नाही, आरपार काच. आत टिचभर काळीज टकटक उडतंय, रक्त शेपटीपर्यंत धावत जाऊन परत येतंय, पोटाशी पिवळी शिदोरी बांधलेली. सगळं लख्ख.

"मला तर त्यांची शिदोरीसुद्धा दिसतेय," मिस्त्री पुटपुटला.

"मग तुम्हीच बसा इथं. मी जाते पाने-पकडी घेऊन."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. मग त्याला एक सुचलं. "हे बघा काकू. याला वर दोन नळ्या, दोन भिंगं. उजवीकडचं भिंग काढून मी डावीकडे लावतो. भिंग खराब असेल तर धुकं इकडून तिकडे जाईल. कसं?"

त्यानं भिंगं बदलली. काकूनं नेहमीच्या सवयीनं डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि लगेच मान वर केली. "आहे तसंच आहे. म्हणजे दोन्ही भिंगं नासकी निघाली. मी सांगतच होते."

"आता उजवा मिटा आणि डाव्यानं बघा."

काकूनं तोंड वाकडं करत डावा डोळा लावला आणि गप्प झाली. गप्पच राहिली. काकू गप्प बसलेली त्या खोलीत आजवर कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे मिस्त्री घाबरला. बाईला चक्करबिक्कर आली की काय.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"स्वच्छ?"

"तुम्हाला काय करायचंय?"

मिस्त्री फडक्याची घडी घालत खाली बघून म्हणाला, "भिंग फिरवलं काकू, पण धुकं फिरलं नाही. ते तुमच्यापाशीच राहिलं."

काकूनं दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं. मग ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "चहा घेता का?"

काकूनं आपणहून कुणाला चहा विचारल्याची आठवण त्या लॅबच्या भिंतींनाही नव्हती. मिस्त्रीनं ओळखलं, हा चहा नाही, तोंडाला लावायचं कुलूप आहे. तो म्हणाला, "साखर जरा जास्त."

तिला घारकाकू हे नाव कसं पडलं, ते आता सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या नावापायीच घडलं.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, आणि लग्न होऊन आली तशी ही त्याच्या सुईत दोरा ओवायची. डावा डोळा मिटायचा, उजवा बारीक करायचा, दोरा जिभेवर ओला करायचा आणि एका झटक्यात आरपार. डावा डोळा मिटायची सवय तिथली. पुढे घरखर्चाला हातभार म्हणून बियाणांच्या दुकानात किडकं बी निवडायला जायला लागली, आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीनं या लॅबमध्ये आली. लॅबच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणत, त्यांनी मुलाखतीला म्हणून तिच्यापुढे माशांच्या अंड्यांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "यातली मेलेली काढून दाखवा." काकूनं ती काढली, आणि वर मॅडमना सांगितलं, "तुमच्या त्या उंच पोराच्या कॉलरवर काहीतरी आहे."

तो उंच पोरगा दाराशी उभा होता. कॉलर झटकत म्हणाला, "कोंडा असेल."

"कोंडा चालत नाही बाबा. हा चालतोय."

नोकरी त्याच दिवशी लागली, नावही त्याच दिवशी लागलं. पोराचं नाव मग काकूनं ठेवलं, उंट. तो शिकून शिकून आता स्वतः संशोधन करायला लागला होता, तरी प्रत्येक दारातून जाताना वाकायला विसरायचा आणि कपाळ चोळत आत यायचा.

लॅबचं काम म्हणाल तर असं. भिंतभर काचेच्या टाक्या, त्यात बोटाच्या पेराएवढे निळ्या पट्ट्यांचे झेब्राफिश. संध्याकाळी नर-मादीला एका टाकीत ठेवायचं, पण मध्ये पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. उजेड पडला की हे मासे अंडी देतात, आणि दिली की लगेच स्वतःच खायला धावतात. म्हणून तळाला जाळी. अंडी जाळीतून खाली पडतात, आईबाप वर तोंड मारत बसतात. काकू म्हणायची, "असल्या आईबापांपेक्षा जाळी बरी."

यातल्या एका घराण्यात खोट होती. त्यांच्या चार पिल्लांत एक पिल्लू मोतीबिंदू घेऊनच वाढायचं. धडधाकट पिल्लाच्या काळ्या डोळ्यात भिंग कसं, पाण्याच्या थेंबासारखं. खोट असलेल्या पिल्लाच्या डोळ्यात दुधाचा थेंब. उंटाचा सारा जीव या पिल्लांत अडकला होता. पाण्यात अमुक औषध टाकलं तर दुधाचे थेंब कमी होतात का, एवढं त्याला शोधायचं होतं. आणि मॅडमचा नियम कडक होता. ज्यानं औषध घातलं, त्यानं पिल्लं निवडायची नाहीत. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, असं त्या म्हणायच्या. म्हणून उंट बश्यांच्या झाकणावर लाल-निळे ठिपके देऊन बाहेर जायचा, आणि कोणत्या ठिपक्याला औषध हे ठाऊक नसलेली काकू आत बसून ड्रॉपरनं पिल्लं उचलायची. स्वच्छ डोळे उजवीकडच्या बशीत, दुधाळ डोळे डावीकडच्या. सगळं संशोधन काकूच्या एका डोळ्यावर उभं. उजव्या.

आणि तो उजवा डोळाच हळूहळू दुधाचा व्हायला लागला होता.

आधी चारांत एक निघायचं, ते दोन निघायला लागलं. मग तीन. मग काकू सांगायला लागली, "आज तर बशीच्या बशी आंधळी आहे." औषध असलेली बशी घ्या, नसलेली घ्या, तेच. उंटाचं तोंड उतरलं. मॅडमनी आधी पाणी बदललं, मग पाणी बघणाऱ्याला झापलं, मग टाक्या घासून घेतल्या, मग ट्यूबलाइट बदलल्या. काकू रोज त्यात तेल ओतायची. "पाण्याचंच आहे हो. मला तर वासच येतो." पाणीवाला बिचारा घरी जाऊन जेवेना. आणि दोन दिवसांपूर्वी मॅडमनी सांगून टाकलं होतं, "हे घराणं पूर्ण नासलं. सोमवारी सगळे मासे काढून टाकायचे."

त्या घराण्यावर उंटानं जवानीची बरीच वर्षं घातली होती. मासे गेले की त्याचं कामही गेलं.

मिस्त्री चहा पिऊन गेला. काकू तशीच बसून राहिली.

संध्याकाळी घरी शिंपीबुवा कोट घेऊन बसले होते. "दोरा ओवून दे जरा."

काकूनं सुई घेतली, दोरा ओला केला, मारला. बाहेर. पुन्हा मारला. पुन्हा बाहेर. "हल्ली दोरेच जाड येतात."

"मागच्या आठवड्यात सुईचं भोक बारीक होतं. एक काहीतरी ठरव."

"तुम्हाला टोमणे मारायला बायको केली का?"

"अगं, त्या निळ्या कोटाची काजं तू जांभळ्या दोऱ्यानं केलीस. गिऱ्हाईक म्हणालं, हे काय? मी म्हटलं, नवीन फॅशन आहे."

"मग? गेला ना घेऊन?"

"गेला. आणि आज त्याचे दोन मित्र आले, आम्हालाही जांभळी काजं पाहिजेत म्हणून! आता मी काय करू? गावभर जांभळी काजं करत फिरू?" शिंपीबुवांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला वाटतं, तुला मोतीबिंदू झालाय."

"तोंड सांभाळून बोला. मोतीबिंदू माशांना होतो!"

बोलली खरी, पण रात्रभर कूस बदलत राहिली. काकू कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण डोळ्याच्या ऑपरेशनला भ्यायची. त्याला कारण होतं. उंट माशांच्या पिल्लाच्या डोळ्यातलं भिंग बारीक सुईनं काढायचा, तेव्हा बशी काकूनंच धरलेली असायची. टच्‌कन बाहेर यायचं, साबुदाण्यासारखं. ज्यानं साबुदाणा कसा निघतो हे पाहिलंय, त्याला स्वतःचा काढून घ्या म्हणणं सोपं नाही. शिवाय दुसरी गोष्ट. घारीचा डोळा गेला तर घारीला कोण विचारतो? तिला कोंबडीत धरतात.

पण काकूचं डोकं शाबूत होतं, आणि डावा डोळाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मधली वाट सापडली. आजपासून उजवा मिटायचा आणि डाव्यानं बघायचं. बशीत पुन्हा चारांत एक निघेल, मासे वाचतील, उंट वाचेल, आणि आपण म्हणायचं, बघा, नवीन पाणी मानवलं! कुणाच्या बापाला कळतंय?

त्या दिवशी डाव्या डोळ्यानं तिनं सगळ्या बश्या निवडल्या. बरोब्बर चारांत एक. आकडा बाहेर सांगितला आणि ती मनाशी म्हणाली, झालं, फिटलं.

कुठलं फिटायला! दाराशी धाडकन आवाज झाला. उंटाचं कपाळ चौकटीला आपटलं होतं आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"काकू! चारांत एक? सगळ्या बश्यांत?"

"होय रे. पाणी मानवलं बघ..."

"पाणी नाही काकू! औषध! सोमवारी मासे जाणार म्हणून शेवटचा डाव टाकला होता मी. सगळ्याच बश्यांत औषध घातलं होतं, दुप्पट! अख्ख्या बशीवरून चारांत एक! लागलं औषध!"

काकूच्या हातातला ड्रॉपर गळून पडला. उंटानं तोवर आईला फोन लावला होता. आईनं फोन ठेवल्या ठेवल्या मावशीला सांगितलं, मावशीनं आत्याला, आणि दुपारपर्यंत त्याच्या एका काकांनी स्वतःच्या डोळ्यांसाठी ते औषध मिळेल का, म्हणून विचारणाही केली. मॅडमनी मासे काढायचं रद्द केलं आणि शुक्रवारी सभा ठेवली. बाहेरून दोन मोठे प्राध्यापक येणार होते.

काकूनं घरी शिंपीबुवांना सगळं सांगितलं. शिंपीबुवा मशीन थांबवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे तिकडेही जांभळी काजं झाली म्हण की."

काकूला पहिल्यांदा या माणसाचा राग आला नाही.

शुक्रवारी सभेत काकू मागच्या बाकावर बिस्किटांच्या ताटाजवळ बसली. ठरवलं होतं की सभा संपली की उंटाला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. पडद्यावर उंटानं रंगीत खांब उभे केले होते. उंच, उंच, उंच, आणि शेवटचा एकदम बुटका. पाहुणे प्राध्यापक मान डोलवत होते. एकानं विचारलं, "पण निवडणाऱ्यानं चूक केली नाही कशावरून?"

उंट हसला. "सर, निवडणाऱ्या आमच्या घारकाकू आहेत. त्यांच्या डोळ्यावर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे. काकू, उभ्या राहा ना!"

टाळ्या वाजल्या. काकू उभी राहिली. टाळ्या थांबल्या तरी ती बसेना.

"काकू?" मॅडम म्हणाल्या.

"मला एक बोलायचंय," काकू म्हणाली. "मासे काही बरे झाले नाहीत. मीच डोळा बदलला."

कुणाला काही कळेना. काकूनं मग जे सुरू केलं ते उलटी झाल्यासारखं एका दमात बाहेर पडलं. सुई, दोरा, साय, मिस्त्री, भिंगाची अदलाबदल, जांभळी काजं. मध्येच पाणीवाल्याची माफी मागितली आणि त्याच दमात, पाण्याला वास मात्र खरंच येतो, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते उंच खांब उजव्या डोळ्याचे, आणि तो बुटका डाव्याचा. औषधाचा त्यात काही संबंध नाही. आता काय ती नोकरी घ्या काढून."

उंट पडद्यासमोर उभा होता, आणि त्याच्या तोंडावर तो बुटका खांब पडला होता.

मॅडम उठल्या. तरातरा चालत मागच्या बाकापर्यंत आल्या. काकूनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी तिचा दंड धरला, खिडकीशी नेली, हनुवटी वर केली आणि मोबाइलची बॅटरी तिच्या उजव्या डोळ्यावर मारली.

"अग बाई!" मॅडम म्हणाल्या. "काय सुंदर पिकलाय!"

जन्मभर मोतीबिंदूवर काम केलेली बाई, पण केलं ते मोहरीएवढ्या डोळ्यांवर. माणसाचा एवढा जवळून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी प्राध्यापकांना हाक मारली. प्राध्यापक चष्मे बदलून आले. मग दुसरे विद्यार्थी आले. बघता बघता रांग लागली.

"मधला भाग जास्त गढूळ आहे, नाही का?"

"कडेला बघा, चाकाच्या आऱ्यांसारखं दिसतंय."

"एक फोटो काढला तर चालेल?"

"मी काय बशीतलं पिल्लू आहे का?" काकू कडाडली. मग जरा थांबून म्हणाली, "थांबा, केस नीट करू दे."

सगळे हसले. उंट मात्र रांगेत नव्हता. तो मागच्या जिन्यावर पायांची घडी घालून बसला होता, आणि पाय एवढे लांब की ती घडी चार पायऱ्या उतरली होती. काकू त्याच्या वरच्या पायरीवर टेकली.

"रागावलास?"

"कशावर रागवू? माझं औषध लागतं की नाही, हेच मला आता माहीत नाही. दोन महिन्यांची सगळी निवड फुकट." त्यानं नाक ओढलं. "आईला काय सांगू?"

"सांग, मासे जिवंत आहेत. सोमवारी तेही जाणार होते."

"आणि काका? ते थेंब मागतायत डोळ्यात घालायला."

"त्यांना म्हणावं, आधी काकूला घालून बघतो."

उंटाला हसू फुटलं, पण त्यानं ते आवरलं. "मी पुन्हा सगळं पहिल्यापासून करीन. पण निवडायला तुम्हीच पाहिजेत. आणि त्याआधी डोळा दाखवायचा. ऑपरेशन करायचं."

"दुसरी कुणी बघ ना. किती पोरी आहेत."

"दुसऱ्या कुणी मॅडमसमोर उभं राहून असं सांगितलं असतं का?"

काकूनं बोटानं पायरीवरची धूळ पुसली. "तू सुईनं जसं काढतोस," ती शेवटी म्हणाली, "तसंच काढतात का रे? टच्‌कन?"

"नाही काकू. आणि तिथं बशी धरायला तुम्हाला उभं करत नाहीत."

ऑपरेशन झालं. झालं एवढंच त्यात सांगण्यासारखं, कारण काकूला भूल दिली होती डोळ्यापुरती, जिभेला नव्हती. डॉक्टर नवीन भिंग घालायला वाकले तेव्हा टेबलावरून आवाज आला, "पुसलंय ना नीट?" डॉक्टर म्हणे हात थांबवून बाहेर जाऊन हसून आले.

पट्टी निघाली त्या दिवशी शिंपीबुवा न्यायला आले होते. काकूनं त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"तू दोऱ्याला शिव्या घालत होतीस, तेव्हा."

घरी येऊन तिनं कोपऱ्यातली जळमटं काढली, पातेली पुन्हा घासली, आणि खुंटीवर टांगलेला एक कोट उजेडात नेऊन किंचाळली, "ही जांभळी काजं कुणी केली? काय घाणेरडी दिसतात!"

"या कोटाच्या गिऱ्हाइकाला वाट बघायला लावलीये," शिंपीबुवा म्हणाले. "म्हटलं, कारागीर आजारी आहे. आता सुईत दोरा ओव, आणि बोलू नको."

काकूनं ओवला. एका झटक्यात आरपार.

लॅबमध्ये ती परत गेली तेव्हा मॅडमनी नवीन नियम भिंतीवर लावला होता. निवडणाऱ्यानं दर आठवड्याला आधी एका ठरलेल्या बशीवर परीक्षा द्यायची, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. काकूनं परीक्षा दिली, पास झाली, आणि पास झाल्याचं पाणीवाल्याला मुद्दाम जाऊन सांगून आली. येताना त्याच्या टाकीत नाक घालून वास घेतला, पण या खेपेला काही बोलली नाही.

टेबलावर झाकलेल्या बश्या होत्या. लाल ठिपके, निळे ठिपके. उंट नियमाप्रमाणे दाराबाहेर उभा होता, पण मान आत आलेली होती. त्याच्या मानेला तेवढं सहज जमायचं.

काकूनं पहिली बशी उजेडात ओढली. डावा डोळा सवयीनं मिटायला गेला, तिनं तो दटावून उघडा ठेवला. पिल्लं नितळ पाण्यात पडली होती. काळ्या डोळ्यांत थेंब. काही पाण्याचे, काही दुधाचे.

"काय दिसतंय काकू?" दारातून कुजबुज आली.

काकूनं मान वळवली आणि उंटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळला. नजर त्याच्या गळ्याशी थांबली.

"तुझ्या कॉलरवर काहीतरी आहे."

"कोंडा असेल."

"चालतोय," काकू म्हणाली. "जा, डोकं धुऊन ये. आणि दार लाव, मला काम आहे."

दार लागलं. काकूनं ड्रॉपर उचलला, पहिलं पिल्लू अलगद ओढून घेतलं, नीट पाहिलं, आणि उजवीकडच्या बशीत सोडलं.